परदेशातलं एक सेमिस्टर आणि कॉलेजची धोरणात्मक उद्दिष्टं: दुवा कसा जोडायचा?

प्रश्न: आयक्यूएसी_समन्वयक

नमस्कार मंडळी,

आमचं कॉलेज स्वायत्त आहे, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा आहेत. एका युरोपीय विद्यापीठाशी विद्यार्थी-अदलाबदलीचा सामंजस्य करार झालाय. टी.वाय.च्या पाचव्या सेमिस्टरला दरवर्षी आठ विद्यार्थी तिकडे जातील. तिकडची फी माफ, प्रवास आणि राहण्या-खाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ही योजना आता संस्थात्मक विकास आराखड्यात घालून विद्वत परिषदेपुढे न्यायची आहे.

सध्याच्या मसुद्यात 'व्यक्तिमत्त्व विकास', 'जागतिक दृष्टिकोन', 'रोजगारक्षमता' असे शब्द आहेत. नियामक मंडळातल्या एका सदस्यांनी विचारलं, "आठ मुलांचं भलं होईल हे मान्य. पण तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजचं कुठलं उद्दिष्ट यामुळे पुढे सरकतं, आणि ते सरकलं हे आपल्याला कळणार कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायचंय.

तीन गोष्टींवर मार्गदर्शन हवंय. पीओ-सीओशी (पदवीच्या आणि कोर्सच्या ठरवलेल्या अध्ययन-निष्पत्तींशी) सांगड घालून मोजमाप कसं करायचं? तिकडचे क्रेडिट इकडे कुठल्या हिशेबाने धरायचे? आणि नॅक (संस्थेचं मूल्यांकन), एनआयआरएफ (संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी) यांच्या दृष्टीने यातलं खरोखर काय गणलं जातं?

---

प्रतिसाद: अध्ययन_निष्पत्ती

विद्यार्थ्याला झालेला फायदा कॉलेजच्या उद्दिष्टात आपोआप जमा होत नाही. आराखड्यातलं उद्दिष्ट कुठल्या पीओत उतरलंय, तो पीओ साधला हे विद्यार्थ्याच्या कुठल्या कामातून दिसेल आणि ते काम कोण, कशावर तपासणार, हे तिन्ही विद्यार्थी विमानात बसायच्या आधी लिहून झालेलं पाहिजे. परत आल्यावर पुरावा शोधायला निघालं की हाती फक्त फोटो आणि मनोगतं लागतात.

सगळे पीओ या योजनेला जोडू नका. दोन, फार तर तीन घ्या. एक करून दाखवतो. विविध पार्श्वभूमीच्या लोकांबरोबर काम करता येणं, हा पीओ बहुतेक कॉलेजांच्या यादीत असतोच. 'विद्यार्थ्याचा दृष्टिकोन व्यापक होईल' असं त्याखाली लिहिलं तर तपासायला काही उरत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'यजमान विद्यापीठातल्या गटप्रकल्पात झालेला एक मतभेद विद्यार्थी दोन्ही बाजूंनी मांडतो, त्यात स्वतःचं कुठलं गृहीतक आड आलं ते सांगतो आणि पुढच्या वेळी काय वेगळं केलं ते उदाहरणासह लिहितो.' हे 800 शब्दांच्या टिपणात तपासता येतं.

तपासायला नवं साधन बनवत बसू नका. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एएसी अँड यू या संघटनेची व्हॅल्यू रुब्रिक्स, म्हणजे निकष आणि पातळ्यांचे मूल्यमापन-तक्ते, मोफत मिळतात. त्यातलं आंतरसांस्कृतिक ज्ञान आणि क्षमतेचं रुब्रिक सहा निकषांचं आहे आणि पातळ्या 1 ते 4. तुम्हाला तीन निकष पुरे: स्वतःच्या संस्कृतीची जाणीव, सहानुभाव आणि संवाद. टिपणं दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावीत. त्याआधी चार-पाच नमुने एकत्र बसून तपासून पाहावेत, नाहीतर एकाची 2 म्हणजे दुसऱ्याची 3 होते. दोघांत एकापेक्षा जास्त पातळीचा फरक आला तर तिसऱ्याकडे द्यावं. पहिलं टिपण निवड झाल्यावर लगेच, दुसरं परतल्यावर महिन्याभरात आणि तिसरं सहाव्या सेमिस्टरच्या शेवटी घ्या. तिसरं महत्त्वाचं आहे, कारण परतल्यावरचा उत्साह ओसरल्यानंतर काय टिकलं ते त्यातच कळतं.

दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे 'अनुभव कसा वाटला' या फीडबॅक फॉर्मलाच पुरावा मानणं. सगळे पाचपैकी पाच देतात आणि त्यातून समाधान कळतं, शिकणं कळत नाही. दुसरी चूक जास्त खोल आहे. निवड झालेले विद्यार्थी मुळातच हुशार आणि धीट असतात. त्यांची तुलना सरसकट वर्गाशी केली तर योजना कशीही असली तरी यशस्वीच दिसणार. तुलना करायची ती पात्र ठरूनही प्रतीक्षायादीत राहिलेल्यांशी. त्यांच्याकडूनही तीच टिपणं इकडच्या गटप्रकल्पावर लिहून घ्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांनी ग्लॉसरी नावाच्या प्रकल्पात परदेशी शिकून आलेल्यांचं पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण तपासलं, तेही तुलना-गट ठेवूनच. त्या निष्कर्षांना वजन आहे ते या काळजीमुळे.

आठ विद्यार्थ्यांवर टक्केवारी काढू नका. एक विद्यार्थी इकडचा तिकडे झाला की साडेबारा टक्के हलतात. पहिली तीन वर्षं पातळ्यांचे सरळ आकडे द्या: इतके 2 वरून 3 वर गेले, इतके होते तिथेच राहिले.

आणखी एक. नुसतं पाठवून दिल्याने आंतरसांस्कृतिक क्षमता वाढते, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्जटाउन कन्सोर्टियमच्या मोठ्या अभ्यासात ज्यांना तिकडे असताना नियमित मार्गदर्शन मिळालं त्यांची प्रगती जास्त दिसली. म्हणून दर पंधरवड्याला इकडच्या एका शिक्षकाने तासभर ऑनलाइन बैठक घ्यावी आणि तो तास त्या शिक्षकाच्या कार्यभारात धरावा. कार्यभारात धरला नाही तर दिवाळीनंतर त्या बैठका बंद पडलेल्या असतात.

---

प्रतिसाद: परीक्षा_विभाग

मी क्रेडिटपुरतं लिहितो, कारण योजना बहुतेक वेळा इथेच अडकते.

युरोपात वर्षाला 60 ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट), आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40. म्हणजे 1.5 ईसीटीएसला आपला 1 क्रेडिट आणि 30 ईसीटीएसच्या पूर्ण सेमिस्टरला 20. ब्रिटनमध्ये वर्षाला 120 असतात, तिथले 3 म्हणजे आपला 1. अमेरिकेत साधारण 30 असतात, तिथले 3 म्हणजे आपले 4.

यावर एक वाद येतोच, म्हणून आधीच सांगतो. आराखड्यात 1 क्रेडिट म्हणजे 30 अध्ययन-तास आणि 1 ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तास. मग 30 ईसीटीएसचे 25 ते 30 क्रेडिट का देत नाही, असं विद्यार्थी विचारतो. तासांच्या हिशेबाने त्याचं चुकत नाही. पण तसे दिले तर तिकडच्या एका सेमिस्टरला इकडच्या दीड सेमिस्टरचं मोल येतं आणि इथे राहिलेल्यांवर अन्याय होतो. वार्षिक भाराच्या प्रमाणात रूपांतर, म्हणजे 60 ला 40, असा नियम विद्वत परिषदेत आधी मंजूर करून घ्या आणि विद्यार्थ्याची त्यावर सही घ्या.

दुसरी अडचण पूर्णांकाची. अनेक विद्यापीठांत एक विषय 5 ईसीटीएसचा असतो. त्याचे होतात 3.33. परीक्षा विभागाने प्रत्येक विषय सुटा धरून 3 केले की सहा विषयांचे 18 होतात, दोन क्रेडिट हवेत विरतात आणि सेमिस्टर अपूर्ण राहतं. रूपांतर विषयागणिक न करता गट्ठ्याने करा: तीन विषय, 15 ईसीटीएस, 10 क्रेडिट, समोर आपल्याकडचे 4+4+2 चे कोर्स. तुमचं सेमिस्टर 22 क्रेडिटचं असेल तर उरलेले 2 क्षेत्रीय प्रकल्पातून घ्या. प्रकल्पाचा विषय जाण्यापूर्वी ठरवा आणि अहवाल परतल्यावर घ्या.

काय तिकडे करायचं आणि काय नाही, हेही ठरवा. मेजरचे इलेक्टिव्ह, मायनर, प्रकल्प हे जमतं. मेजरचा अनिवार्य कोर्स तिकडे शोधताना आशय शंभर टक्के जुळायचा हट्ट धरला तर कुणीच जाऊ शकणार नाही. घटकांची नावं पाहण्यापेक्षा सीओ पाहा. साधारण 70 टक्के सीओ जुळले तर समतुल्य, ही मर्यादा अभ्यासमंडळाने स्वतः घालून घ्यावी. भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, भाषा यांचे क्रेडिट आधीच्या सेमिस्टरमध्येच पूर्ण झालेले असावेत.

लर्निंग ॲग्रीमेंट (तिकडे कुठले विषय घ्यायचे याचा लेखी करार) तीन टप्प्यांचं ठेवा, युरोपच्या इरॅस्मस या अदलाबदल योजनेत असतं तसं: जाण्यापूर्वी, तिथे असताना, परतल्यावर. मधला टप्पा लोक विसरतात. विद्यार्थी तिथे पोहोचतो तेव्हा ठरवलेला विषय त्या सेमिस्टरला शिकवतच नाहीत, किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात, किंवा माध्यम इंग्रजी नसतं. मग तो दुसरा विषय घेतो, इकडे कुणाला कळवत नाही आणि जानेवारीत गुणपत्रक आल्यावर समतुल्यतेचा घोळ सुरू होतो. बदल पहिल्या तीन-चार आठवड्यांत कळवायचा आणि समितीने सात दिवसांत ईमेलवर उत्तर द्यायचं, हे लिहून ठेवा. त्यासाठी अभ्यासमंडळाची बैठक लागता कामा नये. विभागप्रमुख, परीक्षा नियंत्रक आणि एक समन्वयक अशी तिघांची समिती पुरते.

गुणांचं रूपांतर शक्यतो टाळा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 जेमतेम पास, फ्रान्समध्ये 20 पैकी 14 मिळाले तरी चांगले. सरळ गणित केलं की चांगल्या विद्यार्थ्याचा सीजीपीए विनाकारण खाली येतो. क्रेडिट द्या, शेरा 'उत्तीर्ण' द्या, सीजीपीए उरलेल्या सेमिस्टरवर काढा आणि मूळ गुणपत्रक सोबत जोडा. सुवर्णपदक किंवा गुणवत्ता यादीसाठी वेगळा नियम लागेल, तोही आत्ताच करा.

एबीसीबद्दल, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या आपल्याकडच्या क्रेडिट बँकेबद्दल: तिकडचं विद्यापीठ तीत काही भरणार नाही. समतुल्य कोर्सच्या नावाने तुमच्या परीक्षा विभागालाच ते नोंदवावे लागतील. पदवी विद्यापीठ देतं, तुम्ही नाही. म्हणून समतुल्यतेचा ठराव संलग्न विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाकडे आधीच पाठवून पोच घेऊन ठेवा.

---

प्रतिसाद: सह्याद्री

@परीक्षा_विभाग यांनी सगळं छान सांगितलंय. फक्त वेळापत्रकाचं राहिलं, ते जोडतो. पाचवं सेमिस्टर निवडलंत ते बरोबर आहे, पण देश पाहून. नेदरलँड्स, फ्रान्स, स्पेन इथे सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी चालतं. विद्यार्थी सहाव्याला थोडा उशिरा का होईना, पोहोचतो. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जातात, त्यावर परीक्षा. तोपर्यंत इकडचं सहावं सेमिस्टर अर्धं संपलेलं असतं. जर्मन विद्यापीठ असेल तर परीक्षा आधी देण्याची सोय करारातच लिहून घ्या, नाहीतर एक वर्ष जातं.

आणि तयारी तिसऱ्या सेमिस्टरला सुरू करा. नामांकनाची मुदत साधारण एप्रिल-मे असते, त्याआधी निवड आणि लर्निंग ॲग्रीमेंट झालेलं हवं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि त्याला आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी वेळ धरा.

---

प्रतिसाद: धोरणवाचक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

आधी नाव नीट लिहा. तुमची योजना सेमिस्टर-अदलाबदल आहे. तिला मसुद्यात कुठेही 'ट्विनिंग' म्हणू नका. यूजीसीच्या मे 2022 च्या विनियमांत ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांच्या वेगळ्या अटी आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशातले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. यूजीसीच्या परवानगीशिवाय करार करायचा तर भारतीय संस्थेला नॅकचे किमान 3.01 गुण किंवा तत्सम दर्जा लागतो, आणि परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्स हायर एज्युकेशनच्या पहिल्या 1000 मध्ये लागतं. एक शब्द चुकीचा पडला की मसुद्यावर हे सगळे प्रश्न येतात. तुमच्या योजनेत 20-22 क्रेडिट म्हणजे 120 ते 132 क्रेडिटच्या तीन वर्षांच्या पदवीचा जेमतेम सहावा भाग आहे.

धोरणातला आधार मात्र भक्कम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या बाराव्या प्रकरणात, परदेशी विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट संस्थेच्या गरजेनुसार पदवीसाठी धरता येतील, असं स्पष्ट म्हटलंय. संस्थात्मक विकास आराखड्याची अपेक्षाही त्याच प्रकरणात आहे. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे दोन्ही संदर्भ एकत्र द्या.

एनआयआरएफबद्दल सदस्यांना खोटी आशा दाखवू नका. त्यातला प्रादेशिक वैविध्याचा निकष इतर राज्यांतून आणि देशांतून तुमच्याकडे शिकायला आलेल्यांचा आहे. तुमच्याकडून बाहेर गेलेले तिथे मोजले जात नाहीत. उलट एक धोका आहे: ठरलेल्या वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मोजलं जातं. क्रेडिटच्या घोळामुळे एखाद्याचं वर्ष गेलं तर आकडा खालीच येणार. वरच्या दोन प्रतिसादांतली काळजी म्हणूनच इतकी महत्त्वाची.

नॅकसाठी करार हा पुरावा नव्हे. कराराखाली काय घडलं तो पुरावा. अभ्यासमंडळाचा समतुल्यतेचा ठराव, लर्निंग ॲग्रीमेंट, मूळ गुणपत्रक, आपल्या गुणपत्रकावरची नोंद आणि रुब्रिकची तपासलेली टिपणं, अशी प्रत्येक विद्यार्थ्याची एक फाइल ठेवा. नॅकची पद्धत बदलते आहे, त्यामुळे मेट्रिकच्या क्रमांकाला चिकटून मसुदा लिहू नका. फाइल नीट असेल तर ती कुठल्याही नमुन्यात बसवता येते.

---

प्रतिसाद: समान_संधी

एक बाजू वर आलीच नाही. तुमच्या आराखड्यात समावेशकतेचं उद्दिष्ट नक्की असणार. राहण्या-खाण्याचा खर्च ज्याचा त्याने, हा नियम तसाच ठेवलात तर ही योजना एका उद्दिष्टाला पुढे नेईल आणि या दुसऱ्याला मागे ढकलेल.

खर्चाचा अंदाज बघा. जर्मनीचा व्हिसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आगाऊ पैसे भरून दरमहा ठरावीकच काढता येणारं खातं) महिन्याला 992 युरो दाखवायला लावतो, म्हणजे पाच महिन्यांचे जवळजवळ 5,000 युरो. वर विमान, विमा, व्हिसा. फी माफ असूनही शेतकरी किंवा रोजंदारीच्या घरातला विद्यार्थी अर्जच करत नाही. निवड समितीसमोर तो येतच नाही, त्यामुळे 'आम्ही कुणाला नाकारलं नाही' हे खरं असूनही काही कामाचं नाही. म्हणून फक्त निवड झालेल्यांची नोंद ठेवू नका. माहितीसत्राला किती आले, पासपोर्ट किती जणांकडे होता, अर्ज किती आले, पात्र किती ठरले आणि प्रत्यक्ष किती गेले, हे पाच आकडे प्रवर्ग, लिंग आणि पहिल्या पिढीतले पदवीधर या तिन्ही अंगांनी नोंदवा. गळती नेमकी कुठे होते ते दोन वर्षांत दिसेल. बऱ्याचदा ती पासपोर्टपाशीच होते, आणि त्याला उपाय सोपा आहे: एफ.वाय.लाच कॉलेजात पासपोर्ट अर्जाचं शिबिर.

पैशाचं म्हणाल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या भरवशावर राहू नका. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहे, पदवीच्या एका सेमिस्टरसाठी नाही. इरॅस्मस प्लसमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2 ते 12 महिन्यांसाठी मासिक अनुदान मिळू शकतं, पण तो अर्ज युरोपीय विद्यापीठाला करावा लागतो. करार झालाच आहे, तर त्यांना आत्ताच पत्र लिहा. त्याशिवाय आठांपैकी दोन जागा पूर्ण खर्चासह कॉलेजने स्वतः उचलाव्यात. माजी विद्यार्थी संघाकडे अशी ठोस मागणी घेऊन गेलं की मदत मिळते, 'निधी द्या' म्हटलं की मिळत नाही.

युरोपीय संघाने 2024 मध्ये ठरवलेलं लक्ष्य नमुना म्हणून वाचा. 2030 पर्यंत उच्चशिक्षणातले किमान 23 टक्के पदवीधर शिक्षणासाठी परदेशी जाऊन आलेले असावेत, आणि त्याबरोबरच परदेशी जाणाऱ्या एकूण शिकणाऱ्यांत किमान 20 टक्के कमी संधी असलेले असावेत. दोन आकडे शेजारी शेजारी. तुमच्या मसुद्यातही असंच असावं.

राहिले 2,992. त्यांच्यासाठी त्याच विद्यापीठाबरोबर एका कोर्समध्ये सहा आठवड्यांचा संयुक्त ऑनलाइन प्रकल्प घ्या, दोन्हीकडचे विद्यार्थी मिश्र गटांत. एका वर्गाचे साठ विद्यार्थी त्यात येतात आणि तेच रुब्रिक त्यांनाही लावता येतं. इथेही वेळेची पंचाईत होते: उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. गटांची बैठक आपल्या सकाळी ठेवली तर तिकडे पहाट असते. संध्याकाळी ठेवली तर आपल्या एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांची शेवटची गाडी जाते. आठवड्यातली एकच थेट बैठक दुपारी तीनला ठेवा, बाकी काम लिखित.

---

प्रश्नकर्ता: आयक्यूएसी_समन्वयक

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून उद्दिष्टाचं वाक्य असं केलंय, कृपया बघा:

'तीन वर्षांत 24 विद्यार्थी परदेशात एक सेमिस्टर पूर्ण करतील, त्यांची आंतरसांस्कृतिक क्षमता वाढेल व त्यांपैकी 25 टक्के विद्यार्थी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील असतील.'

---

प्रतिसाद: अध्ययन_निष्पत्ती

पायाभरणी चांगली आहे. 'वाढेल' काढा, पातळी आणि तारीख घाला. आणि @समान_संधी यांचा ऑनलाइन प्रकल्प यात आला पाहिजे, कारण सदस्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. असं करून पाहा:

'तीन वर्षांत 24 विद्यार्थी परदेशात एक सेमिस्टर पूर्ण करतील. त्यांतील किमान 6 जणांचा संपूर्ण खर्च कॉलेज किंवा शिष्यवृत्तीतून होईल. सर्वांचे किमान 20 क्रेडिट पदवीत धरले जातील व कुणाचेही वर्ष वाया जाणार नाही. किमान 16 जण निवडलेल्या तीन निकषांपैकी दोनांत एक पातळी वर जातील; हे सहाव्या सेमिस्टरअखेरच्या टिपणावरून, प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्यांशी तुलना करून ठरेल. याच काळात प्रत्येक शाखेतील किमान एका कोर्समध्ये संयुक्त ऑनलाइन प्रकल्प सुरू होईल व त्याला तेच निकष लागतील.'

24 पैकी 16 हा आकडा पहिल्या तुकडीचा निकाल हाती आल्यावर बदलण्याची मुभा ठरावातच ठेवा. पहिल्याच वर्षी आठांतले तिघेच वर गेले तर लक्ष्य खाली आणण्याआधी पंधरवड्याच्या बैठका खरंच झाल्या का, ते तपासा.

---

प्रतिसाद: परीक्षा_विभाग

'पदवीत धरले जातील' याच्यापुढे 'रूपांतर 60 ईसीटीएसला 40 क्रेडिट या प्रमाणात, गट्ठ्याने' हे शब्द घाला. ठरावात नसलेला नियम परीक्षा विभागाला लागू करता येत नाही.